कापूस आधी जाळून बघावा

दुकानाच्या दिवशी मी मासे चमच्याने खातो. खेड तालुक्यात जन्मलेल्या माणसाने हे छापून सांगावं, ही जरा लाजेचीच गोष्ट आहे. माझ्या खोलीतले तिघेही कोकणातले. बांगड्याच्या कालवणात मी चमचा घातला की ते अजूनही एकमेकांकडे बघतात. पण बांगड्याचा वास साबणाने जात नाही, आणि जेवणानंतर माझी बोटं ज्या कापसाला लागतात, तो कापूस संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी तोंडाशी पोचलेला असतो. कापूस वास धरतो. म्हणून चमचा.

गावी कुणी विचारलं तर मी "इलेक्ट्रिकलमध्ये आहे" म्हणतो. ते खोटं नाही, पण पुरं खरंही नाही. बहरैनमध्ये, मनामाच्या जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागच्या गल्लीत वेपचं एक दुकान आहे, तिथे मी तारेच्या कॉइल वळतो आणि त्यात कापूस भरतो. आठ तासांची ड्यूटी, आठवड्याचे सहा दिवस. अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा मी आधी नको म्हटलं. आम्ही विकतो ते निकोटीन. दिवाळी अंक घरातली सगळी माणसं वाचतात. ते म्हणाले, "जे घडलं तेवढं लिहा." तेवढंच लिहितो.

ज्यांना वेप माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. मुठीत मावेल असा बॅटरीचा डबा, त्यावर काचेची छोटी टाकी, टाकीत निकोटीन आणि वासाचं घट्टसर पाणी. आमच्याकडे त्याला लिक्विड म्हणतात. मधोमध तारेचं वेटोळं, ती कॉइल. कॉइलच्या पोटातून कापसाची वात जाते आणि वातीची दोन्ही टोकं लिक्विडमध्ये बुडतात. बटण दाबलं की तार तापते, वातीतल्या लिक्विडची वाफ होते आणि माणूस ती ओढतो. बहुतेक लोक तयार कॉइल घेतात आणि जळली की फेकून देतात. पण काहींना हाताने वळलेली कॉइल आणि हाताने भरलेला कापूसच लागतो. त्यांची टाकी खालून उघडते, आत दोन बारीक स्क्रू असतात. ही माझी गिऱ्हाइकं.

तारेचं काम मला नवीन नव्हतं. आयटीआय करून मी लोटे एमआयडीसीच्या बाजूला विजेच्या मोटारी रिवाइंड करत होतो, म्हणजे त्यांच्या तारा नव्याने गुंडाळत होतो. बहरैनमध्ये आलो ते एका मेंटेनन्स कंपनीत. ती कंपनी बंद पडली तेव्हा माझ्या व्हिसाचे दोन महिने उरले होते. मिळेल ते काम करत असताना याच दुकानाचा एक्झॉस्ट फॅन दुरुस्त करायला आलो. काउंटरवर जोएल नावाचा फिलिपिनो सेल्समन कॉइल वळत होता आणि प्रत्येक वेढा वेगळ्या दिशेला पळत होता. मला ते बघवलं नाही. फॅन बसवून झाल्यावर मी त्याच्याकडून तार मागून घेतली आणि एक कॉइल वळून दिली. मालक यूसुफ मागे उभा होता. त्याने ती भिंगाखाली धरून बघितली आणि विचारलं, "व्हिसा किधर है?" अशी माझी नोकरी लागली. यूसुफ बहरैनी, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. लिहिताना मी त्याला एकेरी लिहितो. समोर नाही.

मी स्वतः कधी सिगरेट ओढली नाही, वेपही नाही. त्यामुळे माझ्या कामाची चव मला कळत नाही. ती जोएल घेतो. मी फक्त हात आणि डोळे वापरतो.

तार लवकर जमली, कापूस जमायला वर्ष गेलं. आमच्या घरी वाती वळायची पद्धत नव्हती. आई बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची. शेजारच्या घरात वाती वळताना मात्र मी बघितलं होतं, त्यामुळे वात म्हटली की तिला पीळ हवा, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. पहिले दोन महिने मी पीळ घालून वाती भरल्या आणि लोक त्या परत आणत राहिले. पिळाच्या वातीतून तेल सावकाश चढतं, दिव्याला ते चालतं. इथे माणूस अर्ध्या मिनिटात चारदा ओढतो. लिक्विड वेळेवर चढलं नाही तर कोरडा कापूस जळतो आणि घशात निखारा गेल्यासारखं होतं. म्हणून इथली वात मोकळी हवी. तंतू सगळे एका दिशेला, शेजारी शेजारी पडलेले. पीळ फक्त टोकाला, तोही कॉइलमधून ओवण्यापुरता. ओवून झालं की पिळाचं टोक कापून टाकायचं.

किती कापूस घ्यायचा, हे सगळे विचारतात. मी सांगतो की कॉइलमधून ओढताना नव्या शर्टाच्या काजातून जाताना बटण अडतं तेवढा अडला पाहिजे. सहज सरकला तर कमी आहे. कॉइल त्याच्याबरोबर वाकली तर जास्त आहे. दाबलेल्या चकतीचा कापूस असेल तर दोन्ही बाजूंचा कडक पापुद्रा मी सोलून काढतो आणि आतला मऊ भागच घेतो. टोकं तिरकी कापतो. मग दाभणाने विंचरून थोडी विरळ करतो, म्हणजे टाकीच्या भोकांवर ती पडद्यासारखी बसतात, बुचासारखी नाही. हे दाभण गोधडी शिवायचं आहे, घरून आणलेलं. जोएलकडे त्यासाठी पॉलिश केलेली हत्यारं आहेत. त्यांनी मला जमत नाही.

हात बिनवासाच्या साबणाने धुवायचे आणि कागदाला पुसायचे, टॉवेलला नाही. नखं दर शनिवारी. अत्तर लावलेल्या गिऱ्हाइकाशी हात मिळवला तर पुन्हा धुवायचे, आणि बहरैनमध्ये अत्तर न लावलेला माणूस शोधावा लागतो. एक वही आहे. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं त्यात एक पान आहे. कॉइल केवढी, कापूस किती, माणूस जोरात ओढतो की हळू, वात कोणत्या तारखेला आणि कोणत्या पाकिटातून भरली.

आणि शेवटची सवय, जिच्याबद्दल हे सगळं लिहायला बसलो. कापसाचं नवं पाकीट फोडलं की त्यातले चार तंतू मागच्या दारी नेऊन काडीने पेटवायचे. खरा कापूस भुरकन जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो, आणि मागे राखाडी भुकटी राहते. ती फुंकरीने उडते. त्यात पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर तंतू आधी आक्रसतात, वितळतात आणि काळा कडक मणी उरतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मोटारीच्या कामात वायरवरचं कापडी कव्हर आम्ही असंच तपासत होतो.

आता दाऊदभाईंबद्दल.

दाऊदभाई म्हसळ्याकडचे. सूकमधल्या एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्याकडे स्टोअरकीपर आहेत, वय एकसष्ट. चाळीस वर्षं दिवसाला दोन पाकिटं सिगरेट ओढायचे. बायको गावाला, आणि ते इथे मुलीकडे बुदैयाला राहतात. तीन वर्षांपूर्वी मुलीने, शबानाने, त्यांना सांगितलं की एक तर घरात सिगरेट राहील, नाही तर तुम्ही. तेव्हा ते आमच्या दुकानात आले. काउंटरवरची रंगीत यंत्रं बघून त्यांनी नाक मुरडलं.

"पोरांची खेळणी हायत ही. मला सिगरेटवानी ओढ लागते. फुसफुस नको."

मी त्यांना सिगरेट ओढून दाखवायला सांगितलं. ते बाहेर उभे राहून ओढत होते आणि मी बघत होतो. लहान, घट्ट, लांब ओढ. त्या ओढीला बसेल अशी बारीक कॉइल वळली, वात नेहमीपेक्षा किंचित भरीव ठेवली. पहिल्या दोन जमल्या नाहीत. तिसरी ओढून ते म्हणाले, "ही चालंल." पंधरा दिवसांत त्यांची सिगरेट सुटली. मुलीने मिठाई पाठवली होती. नोकरीत मला त्याआधी कुणी मिठाई पाठवली नव्हती. मी ती जोएलला आणि यूसुफला दिली, पण डबा बरेच दिवस ठेवला होता.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारनंतरची असरची नमाज झाली की दाऊदभाई यायचे. समोरच्या कॅफेटेरियातून दोन करक, म्हणजे कडक दुधाचे, चहा मागवायचे, माझ्यासमोर स्टूलवर बसायचे आणि मी त्यांची वात बदलायचो. ते हाताकडे बघत बोलायचे. म्हसळ्यात बांधत असलेल्या घराबद्दल, गोदामातल्या बिजागऱ्यांबद्दल, मुलीला मराठीत बोललेलं समजतं पण ती उत्तर इंग्रजीत देते त्याबद्दल. दुकानात कुणीही नवीन आलं की ते त्याला सांगायचे, "ह्याच्या हातानं माझी सिगरेट सुटली." मी नाही म्हणायचो. पण मला ते आवडायचं, हे इथे कबूल करतो.

गेल्या वर्षी सखीरला मोटारींच्या शर्यती होत्या त्या आठवड्यात गडबड झाली.

शर्यतीच्या आठवड्यात समुद्रावरच्या पुलावरून सौदीची माणसं येतात, सगळीकडून येतात. दुकानात पाय ठेवायला जागा नसते. यूसुफने जोएलला सखीरच्या रस्त्यावर त्याच्या मित्राच्या दुकानात मदतीला पाठवलं होतं. म्हणजे चव घेणारा माणूस नव्हता. बुधवारी दुपारी माझ्याकडचा कापूस संपला. यूसुफने नवा खोका आणलेला होता. पाकीट नेहमीच्या रंगाचं, छपाई नेहमीची. मागच्या दारी जायचं तर वाटेत आठ-दहा लोक उभे होते. एकाने तर काडेपेटी हातात बघून माझ्याकडेच सिगरेट मागितली. मी काडेपेटी खिशात टाकली आणि पाकीट फोडून कामाला लागलो.

मला त्या कापसाबद्दल काहीच वाटलं नाही का? वाटलं. बोटांना तो जरा जास्त गुळगुळीत लागला. लिक्विडचा थेंब टाकल्यावर तो शिरायला नेहमीपेक्षा वेळ लागला. मी मनात म्हटलं, एसीने खोली गार झाली आहे, लिक्विड घट्ट झालं असेल. घाईत माणसाला कारण लवकर सापडतं.

बुधवारी दुपारपासून गुरुवारी रात्री दुकान बंद होईपर्यंत मी त्या पाकिटातून चौदा वाती भरल्या. गुरुवारी दाऊदभाईंचीही भरली. गर्दीमुळे त्या दिवशी चहा झाला नाही. ते टाकी घेऊन लगेच गेले.

शनिवारी सकाळी उस्ताद हातेम आले. हे सखीरच्या विद्यापीठात शिकवतात, म्हणून उस्ताद, आणि ट्युनिशियाचे आहेत. दुकानात ते बोलत नाहीत. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून आणतात आणि चिठ्ठी परत घेऊन जातात. त्या दिवशी त्यांनी रुमालात गुंडाळलेली टाकी माझ्यासमोर ठेवली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मिस्टर जाधव, देअर इज प्लास्टिक इन धिस."

मी टाकी उघडली. वातीचा मधला भाग जळून काळा झाला होता, ते नवीन नाही. पण काळ्या भागाच्या कडेला चकचकीत घट्ट कड आली होती आणि ती कॉइलला चिकटली होती. मी त्यांना थांबायला सांगितलं. पाकिटातले चार तंतू घेऊन मागच्या दारी गेलो आणि काडी ओढली. तंतू आक्रसले, एकत्र आले, आणि काळा मणी होऊन माझ्या चिमट्याला चिकटले. मी दुसऱ्या पाकिटातले घेतले, मग तिसऱ्या. सगळ्यांचा मणी झाला. पायरीवर बसून मी ते तीन मणी बघत होतो. राग कुणावर काढावा, हे ठरत नव्हतं. माल देणाऱ्याने फसवलं होतं हे खरं. पण काडेपेटी माझ्या खिशात होती.

उस्तादांना मी खरं सांगितलं. जुन्या कापसाची एक चकती ड्रॉवरमध्ये राहिली होती, तिची वात भरून दिली. ते मान हलवून गेले. अजूनही येतात, चिठ्ठी घेऊन.

यूसुफ दुपारी आला. मी त्याच्यासमोर काडी पेटवून दाखवली. त्याने मणी नखाने टोकरून बघितला.

"माल निकालो, खलास," तो म्हणाला. "आज ही वापस भेजूंगा."

"और जिनको दिया उनका?"

"कितना आदमी?"

"चौदा."

त्याने ओठाला लावलेलं आपलं यंत्र खाली घेतलं. ते त्याच्या हातात दिवसभर असतं. "जाधव, मफी मुश्किल, कोई प्रॉब्लेम नहीं. खराब लगेगा तो खुद आएगा. फोन मत करो. एक को बोलेगा, पूरा सूक बोलेगा."

माझा व्हिसा त्याच्याकडे आहे. वीस वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाला कुठे गप्प बसायचं ते कळतं. पण संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर वही पिशवीत घालून मी मसाल्याच्या गल्लीत गेलो आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून माझ्या मोबाइलवरून फोन लावले. चौदांपैकी नऊ नावं वहीत होती. त्यातले एक उस्ताद. आठ उरले. "वात खराब आहे, ओढू नका, मी बदलून देतो" एवढंच वाक्य प्रत्येकाला. एकाने शिव्या दिल्या. दोघांनी आधीच काढून टाकली होती. एका बाईने आभार मानले आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. सात जणांशी बोलणं झालं.

बाकीचे पाच शर्यतीला आलेले पाहुणे होते. त्यांची नावं मी घेतली नव्हती. ते पाच कुठे गेले आणि त्यांनी ती वात किती दिवस ओढली, हे मला कधीच कळणार नाही.

आठवे दाऊदभाई. त्यांचा फोन बंद होता.

रविवारी, सोमवारी बंद. मंगळवारी मी त्यांच्या गोदामात गेलो. तिथल्या माणसाने सांगितलं की दाऊदभाई रविवारपासून सिक लीव्हवर आहेत, छातीत कफ झालाय, मुलीकडे आहेत. मला शुक्रवारपर्यंत सुट्टी नव्हती. मागून घेता आली असती. घेतली नाही, कारण यूसुफला कारण सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी बसने बुदैयाला गेलो. हायवेवर उतरल्यावर खजुराच्या एका शेताच्या भिंतीकडेने बराच चालत गेलो. शबानाने दार उघडलं. मी तिला फोटोतच बघितलं होतं. ती एका शाळेच्या ऑफिसात काम करते.

"जाधव अंकल? कम, कम. बाबा इज अवेक."

दाऊदभाई सोफ्यावर उशांना टेकून बसले होते. चेहरा उतरला होता, श्वास ऐकू येत होता. बाजूच्या टेबलावर औषधं होती आणि त्यांच्या शेजारी ती टाकी. मी आधी ती उचलली. उघडून बघितली. कड आलेली होती.

"ही तुम्ही कधीपर्यंत ओढलीत?"

"डाक्टरकडं नेलं त्या दिवसापर्यंत. रविवारी."

"चव नाही कळली? प्लास्टिकची?"

"कळली ना. पहिल्याच दिवशी कळली."

"मग थांबलात का नाही?"

प्रश्नच त्यांना विचित्र वाटला असावा.

"तू भरलेली ना ती," ते म्हणाले. "मला वाटलं माझ्याच तोंडाची चव गेलीय. ताप येतोय म्हणून तसं लागतंय. तुझ्या हातची वात खराब कशी असंल?"

मी टाकी खाली ठेवली. मग त्यांना सगळं सांगितलं. नवा खोका, गर्दी, खिशातली काडेपेटी, यूसुफने फोन करू नको म्हटलं ते, मी केला ते, आणि सुट्टी मागितली नाही तेही. शबाना दारात उभी राहून ऐकत होती. दाऊदभाईंनी हात उडवला.

"मुद्दाम केलंस काय? नाय ना? मग झालं. शबाना, चाय ठेव."

शबाना हलली नाही. "डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन आहे," ती म्हणाली. तिचं मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होतो, शब्द जुळवत बोलत होती. "मी विचारलं, वेपमुळे झालं का? ही सेड, सांगता येत नाही. फॉर्टी इयर्स स्मोकिंग आहे. अंकल, मला एक ऑनेस्टली सांगा. बाबा म्हणतात, जाधव म्हणतो हे सिगरेटपेक्षा सेफ आहे. आहे?"

मी असं कधी म्हटलं होतं का, हे आठवायचा प्रयत्न केला. नक्कीच म्हटलं असणार. दुकानात दिवसातून दहा वेळा म्हणतो.

"सिगरेटपेक्षा बरं असेल," मी म्हणालो. "मला नक्की माहीत नाही. मी डॉक्टर नाही, मोटार रिवाइंड करणारा माणूस आहे. पण काहीच न ओढणं सगळ्यात बरं, एवढं मला कळतं. हे मी दुकानात बोलत नाही."

"देन से इट टु हिम. माझं नाही ऐकत. तुमचं ऐकतात."

सोफ्यावरचा माणूस माझं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक होता. मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "दाऊदभाई, हेही सोडा."

"आता तूच असं बोलतोस?"

"मीच बोलतोय."

ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "एकदम नाय सुटणार. सिगरेट पण एकदम नव्हती सुटली, तू सोडवलीस."

"मग हेही हळूहळू सोडवू. डॉक्टर हो म्हणाले तर."

शबानाने मग चहा आणला. साखर विचारायची राहून गेली होती.

डॉक्टरांनी आधी तीन आठवडे काहीही ओढायला बंदी केली. चौथ्या आठवड्यात दाऊदभाई गोदामाच्या मागे सिगरेट ओढताना पकडले गेले. तेव्हा शबानाने डॉक्टरांना विचारून मला फोन केला, "अंकल, ओके, स्टार्ट."

हे काम आमच्या धंद्यात कुणी करत नाही, त्यामुळे कुणाला विचारायची सोय नव्हती. मी एवढंच ठरवलं की हात आणि ओठ जे ओळखतात त्याला धक्का लावायचा नाही. कॉइल तीच, तेवढेच वेढे. कापूस तोच, आता प्रत्येक वेळी त्यांच्यासमोर काडीने जाळून बघितलेला. ओढ तेवढीच घट्ट. बदलायचं फक्त लिक्विडमधलं निकोटीन, तेही सावकाश. दीड महिना एकाच ताकदीवर ठेवून मग थोडं खाली. दोन बाटल्या मिसळून मधली ताकद मी काउंटरवर करून द्यायचो. ते विचारायचे, "कमी केलंस?" मी म्हणायचो, "सांगणार नाही." पुढच्या गुरुवारी सांगायचो.

मध्ये एकदा सगळं मागे गेलं. गावाहून त्यांच्या धाकट्या भावाच्या मरणाची बातमी आली आणि त्यांना जायला मिळालं नाही. त्या गुरुवारी ते आले तेव्हा कपड्यांना सिगरेटचा वास होता. स्टूलवर बसून त्यांनी स्वतःच सांगितलं, "पाच ओढल्या." मी त्यांना आधीच्या ताकदीचं लिक्विड दिलं आणि वात भरली. त्या दिवशी चहाचे पैसे द्यायलाही ते विसरले.

आठव्या महिन्यात लिक्विडमध्ये निकोटीन उरलंच नव्हतं. नुसती वाफ. एका गुरुवारी ते आले, खिशातून टाकी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ह्यात बघ काय झालंय. सोमवारपासून हात लावायला विसरलोय मी."

मी उघडली. वात कोरडी होती, पांढरी, जळण्याची खूण नसलेली. ती चिमट्याने ओढून काढली. नवी भरू का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चहा आला, तो आम्ही प्यायलो. फुफ्फुसाचा फोटो आता ठीक आहे म्हणतात, खोकला राहिला आहे. तो कशाचा, हे डॉक्टर अजून सांगू शकत नाहीत. मीही नाही.

मी फोन केले होते हे यूसुफला चौथ्याच दिवशी कळलं होतं. शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकाने दुकानात येऊन सांगितलं. यूसुफ पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, कामाचं काही असलं की जोएलकडून निरोप यायचा. मी बॅग भरायच्या तयारीत होतो. मग एक दिवस कापूस देणाऱ्या कंपनीचा माणूस नवा माल घेऊन आला. यूसुफने त्याला काउंटरसमोर उभं केलं, माझ्याकडे बघून म्हणाला, "जाधव, जलाओ इसके सामने." मी जाळलं. राख झाली. यूसुफने सही केली आणि आत निघून गेला. त्या दिवसापासून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. झालेल्या गोष्टीबद्दल मात्र तो कधी बोलला नाही.

दाऊदभाईंची टाकी रिकामी झाली तेव्हा तो मागे उभा राहून बघत होता. ते गेल्यावर म्हणाला, "अच्छा कस्टमर था." मी म्हटलं, "हां." त्याने पुढे काही विचारलं नाही.

यावर्षी रमजान संपल्यानंतरच्या आठवड्यात, दुपारी दुकान रिकामं असताना तो माझ्यासमोर त्या स्टूलवर येऊन बसला. सात वर्षांत तो माझ्यासमोर कधी बसला नव्हता. गल्लीत जोएल फोनवर बोलत होता, तो आत येत नाही हे यूसुफने बघून घेतलं आणि स्वतःचं यंत्र काउंटरवर ठेवून माझ्याकडे सरकवलं.

"उस इंडियन चाचा को जैसा किया," तो म्हणाला, "मेरा भी करो."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"डॉक्टर बोला?"

"बीवी बोली." मग म्हणाला, "कितना महीना लगेगा?"

"दाऊदभाई को आठ लगे. आपकी तो दुकान है, आपको जादा लगेंगे."

तो हसला. "इंशाल्ला," म्हणाला, आणि मी हात धुवायला उठलो.